डावी बाजू

दिवाळी अंकात कोशिंबिरीवर लेख लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उभे राहून एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शेजारी चिवड्याची बशी असेल, तिच्यावर एखादी चकली आडवी पडलेली असेल, आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी "आणखी एक लाडू घ्या हो, सणाचा आहे" असे म्हणत असेल. अशा वेळी काकडी, गाजर आणि मुळा यांची नावे काढणारा मनुष्य अरसिक ठरणार, हे उघड आहे. पण वाचकहो, मी काही जन्मजात अरसिक नाही. माझ्यावर ही पाळी आली आहे. ती कशी आली, आणि तिच्यापायी आमच्या घरात चार दिवस कसे अबोल्यात गेले, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या ताटाला दोन बाजू असतात. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ अशी वजनदार मंडळी बसतात. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर. वाढण्याचा हा क्रम ज्याने कुणी ठरवला, त्याने डाव्या बाजूला कमी लेखले असेल असे मला वाटत नाही. पण खाणाऱ्यांनी मात्र लेखले. मराठीत 'डावे-उजवे करणे' असा एक वाक्प्रचार आहे. दरवर्षी मी तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगतो, आणि दरवर्षी घरी येऊन उजव्या बाजूवर तुटून पडतो. डाव्या बाजूची कोशिंबीर ही चमच्याच्या टोकाने वाढायची, बोटाच्या टोकाने चाखायची, एवढाच माझा तिच्याशी सत्तेचाळीस वर्षांचा परिचय होता.

गेल्या उन्हाळ्यात परीक्षेचे पेपर तपासता तपासता मला भोवळ आली. उत्तरपत्रिका वाचून भोवळ येणे ही आमच्या व्यवसायात नवलाची गोष्ट नाही. पण सौभाग्यवतीने ती तशी मानली नाही. तिने मला डॉक्टरांपुढे नेऊन बसवले. रक्त तपासले गेले. उपाशीपोटीची साखर ११८, ट्रायग्लिसराइड २१०, आणि रक्तदाब थोडा वरचा. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर करून विचारले,

"वडील कशानं गेले?"

"हृदयविकारानं."

"वय?"

"एक्कावन्न."

डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर 'एक्कावन्न' एवढेच लिहिले आणि त्याखाली एक रेघ मारली. सत्तेचाळिसातून एक्कावन्नापर्यंतची वजाबाकी करायला मला कागदाची गरज पडली नाही.

साखर अजून मधुमेहाच्या घरात गेलेली नव्हती, उंबऱ्यावर उभी होती. शंभरच्या आत असावी, एकशे सव्वीसला मधुमेह म्हणतात, आणि मधला पट्टा हा परत फिरण्याचा रस्ता असतो, असे डॉक्टरांनी समजावले. चालणे सांगितले, भात कमी करायला सांगितला, आणि आहाराचा एक छापील तक्ता हातात दिला. त्यात दोन्ही जेवणांपुढे लिहिले होते : 'सॅलड, मोठी वाटी, हलके ड्रेसिंग.'

आमच्या लहानपणी ड्रेसिंग गुडघ्याला होत असे. लाल औषध, कापूस आणि पट्टी. ते काकडीलाही करतात हे मला वयाच्या या टप्प्यावर नव्याने कळले. भाषेचा मास्तर असल्यामुळे मी आधी शब्दाच्या मागे लागलो. 'सॅलड'च्या मुळाशी लॅटिनमधला मिठाचा शब्द आहे. म्हणजे सॅलड ही मुळात खारवलेली भाजी. आणि आपल्या कोशिंबिरीच्या नात्यात कानडीतली कोसंबरी आहे, आणि मागे संस्कृतात धने-कोथिंबिरीला म्हणतात ती कुस्तुंबरी. एकाने आपले नाव मिठावरून घेतले, दुसरीचे नाव कोथिंबिरीजवळ जाऊन उभे राहते. दोघांचीही ओळख भाजीवरून नाही, तर भाजीवर जे घालतात त्यावरून! हे मी मोठ्या उत्साहाने सौभाग्यवतीला सांगितले. ती म्हणाली, "मग आता वर काय घालायचं, तेवढं ठरवा."

ते ठरवण्यासाठी आम्ही कन्येला बरोबर घेऊन बाजारात गेलो. हल्लीच्या मोठ्या दुकानांत अशा बाटल्यांचा एक आख्खा फळा असतो. कन्या अकरावीत, विज्ञान शाखेची. तिने एक बाटली उचलली, उलटी केली आणि मागची बारीक अक्षरे वाचू लागली. मी आयुष्यभर पुस्तकांचे मलपृष्ठ वाचत आलो. बाटलीचे मलपृष्ठ वाचायला मला मुलीने शिकवले. डब्या-बाटल्यांवर जिन्नस वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिले. पांढऱ्या, दाट, मऊसूत दिसणाऱ्या त्या बाटलीत पहिले नाव तेलाचे होते. मेयोनीज म्हणजे तेल, अंड्याचा बलक आणि व्हिनेगर घोटून केलेली साय. तिच्या एका मोठ्या चमच्यात नव्वदच्या वर उष्मांक असतात. तेवढ्यात मला दुसरी बाटली दिसली. तिच्यावर 'फॅट-फ्री' असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. मी विजयी मुद्रेने ती पुढे केली. कन्येने ती उलटी केली. पाणी, साखर, स्टार्च, मीठ. तेल काढले की चव आणि दाटपणा जातो, म्हणून त्याच्या जागी साखर आणि पीठ येऊन बसतात. शिवाय जे काही आकडे छापलेले होते ते पंधरा ग्रॅमांचे; आणि पंधरा ग्रॅमांत माझ्या मोठ्या वाटीतले निम्मे तुकडेही भिजले नसते. आम्ही दोन्ही बाटल्या जागेवर ठेवल्या आणि चार लिंबे घेऊन घरी आलो.

इथपर्यंत सगळे हसतखेळत चालले होते. पुढचे सांगताना मात्र हात थोडा जड होतो.

आमच्या घरी कोशिंबीर आई करते. आता तिला बहात्तरावे चालू आहे. पोळ्या, भाजी, आमटी हे सारे सौभाग्यवतीकडे आणि स्वयंपाकाच्या बाईंकडे गेले. कोशिंबीर तेवढी आईने सोडली नाही. ती विळीवर बसून काकडी कोचते, गाजर किसते, दाण्याचे कूट घालते, लिंबू पिळते, चिमटीने साखर-मीठ टाकते, आणि शेवटी छोट्या लोखंडी पळीत तेल तापवून मोहरी, हिंग आणि हिरव्या मिरचीची फोडणी वरून ओतते. 'चर्र' असा आवाज झाला की जेवण तयार, हे आमच्या घरातले घड्याळ आहे.

बाजारातून आल्यावर मला मोजण्याचे वेड लागले. चहाच्या छोट्या चमच्यात पाच मिलिलिटर तेल मावते. त्याचे वजन साडेचार ग्रॅमांच्या आसपास, आणि तेलाच्या दर ग्रॅमाला नऊ उष्मांक; म्हणजे चमच्याला चाळीस. तेल शेंगदाण्याचे असो, ऑलिव्हचे असो, घाण्याचे असो, डब्यातले असो, त्यातले चांगले-वाईट घटक वेगळे असतील, पण हा आकडा बदलत नाही. एका सकाळी आई देवापाशी असताना मी तिची फोडणीची पळी पाण्याने भरली आणि चमच्याने उपसून मोजली. आठ चमचे. म्हणजे सव्वातीनशे उष्मांक. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम पंधरा असतात, कारण ती जवळजवळ सगळी पाणीच असते. शिवाय मूठभर दाण्यांचे कूट. दाण्यात निम्मे तेलच, त्यामुळे तीस ग्रॅमांना एकशे सत्तर. डॉक्टरांनी मला काकडी सांगितली होती, आणि मी काकडीच्या निमित्ताने तेल खात होतो.

हे मी आईला शांतपणे सांगायला हवे होते. पण मास्तरांना शांतपणे सांगण्याची सवय नसते. मी पळी हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि तास घ्यावा तसे आकडे सांगू लागलो. ती म्हणाली, "अरे, इतकी वर्षं हेच खातोयस." आणि माझ्या तोंडून वाक्य निघून गेले,

"बाबाही हेच खात होते."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग माझ्या हातातून पळी घेतली, घासली आणि फडताळात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात डावी बाजू होती, पण कोशिंबीर नव्हती. सौभाग्यवतीने काकडीच्या चकत्या कापून ठेवल्या होत्या. आई जेवायला नेहमीसारखी बसली, नातीशी नेहमीसारखी बोलली, माझ्याशीही "पाणी घे" एवढे बोलली. रागावलेली आई परवडते. ती ओरडते आणि विषय संपतो. ही माझी आई रागावलेली नव्हती. ती काहीतरी आठवत होती, आणि ते माझ्यामुळे आठवत होती.

त्या चार दिवसांत मी कोरडी भाजी खाण्याचा पराक्रम केला. नुसते गाजर, नुसती कोबी, नुसता मुळा. आपल्या लोकांनी एक म्हण करून ठेवली आहे : तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. ती म्हण माझ्यावरच केलेली असावी, असे मला वाटू लागले. तीन जेवणांनंतर वाटी तशीच उरू लागली आणि दुपारी चार वाजता कॉलेजच्या कॅंटीनमध्ये मी वडापावापुढे उभा असे. पुढे डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते हसले. म्हणाले, "तेल अजिबात बंद करा असं मी कुठं लिहिलंय? गाजराचा जो नारिंगी रंग आहे ना, त्यातूनच शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. पण तो रंग अंगी लागायला सोबत थोडी स्निग्धता लागते. चमचाभर तेल हवंच. शिवाय जे बेचव आहे ते तुम्ही किती दिवस खाल?"

मी धीर करून त्यांना दुसरा प्रश्न विचारला. वडिलांचा. त्यांनी विडीचे विचारले, झोपेचे विचारले, कामाचे विचारले. मी सांगितले तसे ते गंभीर होत गेले. मग म्हणाले, "प्राध्यापक, तंबाखू, रक्तदाब, आनुवंशिकता, वर्षानुवर्षांची काळजी, असं कितीतरी एकत्र येतं तेव्हा माणसाचं हृदय थकतं. एका पळीवर खटला भरता येत नाही."

मी घरी आलो. आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसलो आणि दोन काड्या हातात घेतल्या. डॉक्टर काय म्हणाले ते तिला सांगितले. आणि जे म्हणायला नको होते ते मी म्हणालो, हेही सांगितले. ती बराच वेळ पाने खुडत राहिली. मग बोलू लागली, ती माझ्याशी नव्हे, मेथीशी बोलावे तशी.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि त्यांतल्या हजारोंना गिरणीचे दार पुन्हा दिसलेच नाही. हे सगळे मी पुस्तकांत वाचले आहे, वर्गात त्यावरच्या कथा-कविता शिकवल्या आहेत. मी तेव्हा चार वर्षांचा होतो, म्हणून मला त्यातले काही आठवत नाही, असे मी समजत होतो.

"रेशनचं पामोलीन यायचं, ते डाळीला पुरवून वापरायचं," आई म्हणाली. "कोशिंबिरीला तेल कुठलं? संध्याकाळी भाजीवाला उठताना मुळे स्वस्तात टाकायचा, ते पाल्यासकट आणायचे. शेजारच्या काकूंनी मला मोहरी फेसायला शिकवली. चमचाभर मोहरी घ्यायची, गार पाण्यात वाटायची आणि घोटत राहायची. झणका नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, की झाली. मग त्यात ताक, मीठ. किसलेला मुळा कालवायचा. तू मिटक्या मारत खायचास. तुझे बाबा पण म्हणायचे, झकास झालीय. मला मात्र ती वाढताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेव्हाच ठरवलं होतं, दिवस फिरले की लेकराच्या पानात कोरडी कोशिंबीर पुन्हा कधी वाढायची नाही."

पळीत आठ चमचे का मावत होते, ते मला तेव्हा कळले. ते मी पाण्याने मोजले होते, ही माझी चूक.

त्या दिवशी मी तिला एवढेच म्हटले, "आई, ती मोहरीची मला करून घाल." ती आधी 'नाही' म्हणाली. मग संध्याकाळी पाटा काढला, कारण मिक्सरमध्ये मोहरी फेसली जात नाही यावर तिचा ठाम विश्वास आहे. तिने मोहरी वाटली. आमच्या कन्येला एक शिंक आली, मग सौभाग्यवतीला, मग मला. मुळा आणि ताक कालवून झाल्यावर वाटी माझ्या डाव्या हाताला ठेवताना आईचा हात क्षणभर थांबला. मी खाल्ले. जिभेवर आधी काहीच नाही, मग गारवा, आणि मग मोहरीचा झणका थेट कपाळापर्यंत. तेलाचा एक थेंब नसताना ती कोशिंबीर कोरडी नव्हती. डोळ्यांत पाणी आले, त्याचे श्रेय मी मोहरीला दिले, आणि सगळ्यांनी ते मान्य केले.

पाश्चात्त्य स्वयंपाकातही व्हिनेगर आणि तेल एकजीव राहावे म्हणून त्यात मोहरीच घोटतात, असे कन्येने नंतर मोबाईलवर शोधून सांगितले. त्यांच्या जुन्या प्रमाणात तीन भाग तेल आणि एक भाग व्हिनेगर असते. लालबागच्या चाळीतल्या काकूंनी तेलाचे तिन्ही भाग गाळून ताकावर भागवले होते. आहारशास्त्र त्यांना ठाऊक नव्हते. पण महिन्याची वीस तारीख त्यांना पक्की ठाऊक होती.

त्यानंतर आमच्या घरात डाव्या बाजूचा एक तह झाला. त्याची कलमे अशी. आठवड्यातून चार दिवस फोडणी, पण चहाच्या चमच्याने मोजून, चौघांत मिळून दोन चमचे. पळी तीच, तेल थोडे असले तर पळी कलती धरायची, म्हणजे मोहरी तेलात बुडून तडतडते आणि हिंगाचा वास पूर्ण उतरतो. चव वासातच जास्त असते, हे आईने आम्हा सगळ्यांना एका वाक्यात शिकवले. दाण्याचे कूट मुठीने नव्हे, माणशी एक चमचा. साखर बंद, त्याऐवजी डाळिंबाचे दाणे, नाहीतर गाजर-बिटाचा स्वतःचाच गोडवा. उरलेले तीन दिवस तेलाशिवाय : एकदा मोहरी-ताक, एकदा घरच्या दह्याचा चक्का बांधून त्यात मिरपूड आणि पुदिना, आणि एकदा मोड आलेल्या मुगांवर नुसते लिंबू. लिंबू असले की कडधान्यातले लोह अंगी चांगले लागते, आणि आंबटपणामुळे मीठही कमी पुरते. हे मिठाचे कलम माझ्या रक्तदाबासाठी आहे. दिवसाकाठी सगळे मिळून पाच ग्रॅमांच्या आत मीठ, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. आणि आमचे लोणचे एकटेच त्यातला मोठा वाटा उचलत होते. मीठ घालायचे तेही पाने मांडल्यावर. आधी घातले की काकडी आपले पाणी सोडते, चव त्या पाण्यात उतरते, आणि मग माणूस पुन्हा मीठ मागतो.

या सगळ्याचा परिणाम म्हणाल तर, चार महिन्यांत वजन साडेतीन किलोंनी उतरले. साखर ११८ वरून १०४ वर आली. त्यात रोजच्या चालण्याचा आणि कमी झालेल्या भाताचा वाटा मोठा आहे. सगळे पुण्य कोशिंबिरीच्या पदरात घालणे हे पुन्हा डावे-उजवे करण्यासारखेच होईल. पण वाटीभर कोशिंबीर आधी खाल्ली की उजवी बाजू आपोआप आवरती होते, हा अनुभव मी कुणालाही सांगायला तयार आहे.

डॉक्टरांनी कागद पाहिला. मागच्या खेपेचा कागदही त्याला जोडलेला होता, त्यावरचे 'एक्कावन्न' आणि त्याखालची रेघ अजून तशीच होती. ती पुसली जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आता ती मला वजाबाकीची रेघ वाटत नाही.

यंदा दिवाळीला घरी फराळ झाला आहे. चकल्या आहेत, करंज्या आहेत, आणि माझ्या वाट्याला रोज एकच काहीतरी निवडण्याची मुभा आहे. काल लक्ष्मीपूजनाच्या जेवणाला आईने खमंग काकडी केली. मी पाट मांडत होतो. स्वयंपाकघरातून तिने हाक मारली,

"अरे, दोनच चमचे ना?"

"दोनच, आई."

थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "सणाचा अर्धा जास्त घालते."

मी नाही म्हणालो नाही. आतून 'चर्र' असा आवाज आला, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.